बारवेच्या काठची डोण

मी वारसा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तेव्हा हे नेमकं काय असतं ते आमच्या घरी कुणालाच कळलं नव्हतं. वडिलांनी आमच्या देवळा गावच्या कांदा मार्केटात ओळखीच्या लोकांना सांगितलं, पोरगी नाशिकला पुरातत्त्व करते. आईने शेजारणींना सांगितलं, देवळांचं काहीतरी शिकते. दोघांचंही फार चुकलं नव्हतं. जुन्या वास्तू आणि जुन्या चालीरीती सांभाळायच्या कशा आणि त्या बघायला येणाऱ्या माणसाला त्या समजावून कशा सांगायच्या, असा तो अभ्यास. या दुसऱ्या भागाला आम्ही वर्गात इंटरप्रिटेशन म्हणायचो. त्याला मराठी शब्दही होता, पण तो फक्त परीक्षेत लिहायचा.

इंटरप्रिटेशन शिकवायला मॅडम होत्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावर बसलेल्यालाही पाठ ताठ करावीशी वाटावी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा चौदा जणांना सकाळी सातला गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीकाठी, बोलावलं. घाटावर, देवळांपाशी, कुंडांपाशी जिथे जिथे माहितीचा फलक होता तिथे थांबवून तो मोठ्याने वाचायला लावला. मग विचारलं, यात कोण नाही? उत्तरही त्यांनीच दिलं. त्या म्हणाल्या, "राजाचं नाव आहे, देणगी देणाऱ्याचं आहे. दगड फोडणाऱ्याचं नाही, घाट झाडणारीचं नाही. फलकावर लिहिलेलं कुणीही वाचेल. तुम्ही न लिहिलेलं वाचायला शिका."

त्या दिवशी मी कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीवर परत आले ती जवळजवळ पळतच. आपण योग्य जागी आलो आहोत असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं.

पुढचं दीड वर्ष मी मॅडमच्या मागे मागे होते असंच म्हणायला हवं. माझं इंग्रजी कच्चं होतं. वर्गात निम्मी मुलं आर्किटेक्चर करून आलेली, त्यांच्या तोंडी लेखकांची नावं सहज यायची. मी बी.ए. मराठी माध्यमातून केलेलं. मॅडमनी ते कधी जाणवू दिलं नाही. वाचायला दिलेला लेख मला कळला नाही, तर कॉलेज सुटल्यावर केबिनमध्ये बसवून परिच्छेद परिच्छेद समजावायच्या. पहिल्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा घरमालकीणबाईंनी आईला फोन करायच्या आधी मॅडमना केला होता, आणि आई देवळ्याहून पोचेपर्यंत मॅडम माझ्या उशाशी मऊ भाताचा डबा घेऊन बसल्या होत्या. हे सगळं सांगते कारण पुढचं ऐकताना कुणी मनात त्यांचं खलनायिकेचं चित्र रंगवू नये. त्या तशा नव्हत्या. तशा असत्या तर मला एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी प्रत्येकाला एक जागा निवडायची होती. मी सिन्नरच्या पुढची एक बारव निवडली. गावाचं नाव सांगत नाही. नाशिकहून एसटीने सिन्नर, तिथून काळीपिवळी जीपने अर्धा तास, मग वीस मिनिटं पायी. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. ही चौकोनी होती, तीन बाजूंनी पायऱ्या, आत कोनाडे, एका कोनाड्यात शेंदूर माखलेली झिजलेली मूर्ती. तळाशी गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. वर, काठाच्या उत्तरेला, एका अखंड दगडात कोरलेली लांबट डोण होती. जनावरांना पाणी पाजायला असते तशी. काठावरून डोणीपर्यंत दगडात पन्हळ खोदलेली होती, म्हणजे काठावर उभं राहून घागर ओतली की पाणी आपोआप डोणीत जाणार.

मी आठ दिवस टेप घेऊन मोजमापं घेतली, आराखडा काढला, आणि डोणीपुढे लिहिलं, गुरांसाठी पाण्याची डोण. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात त्यावर एक सुबक वाक्यही लिहिलं. पूर्वजांची भूतदया वगैरे. मला ते वाक्य आवडलं होतं.

त्या गावात एक मावशी होत्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, बारवेपासून सर्वात लांबच्या आळीत राहणाऱ्या. मी येताजाताना त्या पाण्याला विचारायच्या, मी थांबायचे. डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी वाचायची हौस. माझा आराखडा त्यांनी हातात घेतला, कागद नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि हळूहळू सगळं वाचत गेल्या. डोणीपाशी थांबल्या.

"ही जनावरांची नाय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग कुणाची?

"आमची."

त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं त्यातलं त्यांचं स्वतःचं काहीही इथे लिहायचा हक्क आता माझ्याकडे नाही. फक्त डोण कशासाठी होती तेवढं सांगते, कारण ते गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे, सांगत नाहीत ते वेगळं. गावातल्या काही घरांना बारवेत उतरायची परवानगी नव्हती. त्या घरच्या बाया डोणीपाशी भांडी घेऊन उभ्या राहायच्या. वरच्या घरातलं कुणी पाण्याला आलं आणि त्याच्या मनात आलं, तर ते पन्हळीत एखादी घागर ओतायचं. नाही आलं तर उभं राहायचं. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतर गावात सरकारी विहीर झाली आणि ते थांबलं. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. मावशी तेव्हा शाळेत जात होत्या.

मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. संशोधनाच्या नियमाप्रमाणे संमतीपत्र पुढे केलं, तर तेही त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं, हे कुठं लागणार? मी म्हणाले, माझ्या प्रबंधात, आणि बारवेवर कधी फलक लागला तर त्यावर. त्यांनी पेन हातात धरून ठेवलं आणि विचारलं, फलकावर खरंच लिहितील का? मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसंच लिहीन, मावशी. माझा शब्द." मग त्यांनी सही केली. पूर्ण नाव, आईच्या नावासकट.

नाशिकला परतून मी रेकॉर्डिंग मॅडमना ऐकवलं. त्या मधेच उठून खिडकीपाशी गेल्या. पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या गाडीने माझ्याबरोबर गावात आल्या, मावशींच्या घरी जेवल्या, आणि नंतर मावशींना घेऊन बारवेवर गेल्या. डोणीच्या काठावर बसून त्यांनी मावशींचा हात हातात घेतला होता, ते मला अजून दिसतं. निघताना म्हणाल्या, "हे इथे लिहिलं जाईल. मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला गाठलं. कंपनी गाळ काढायला, कठडा बांधायला आणि फलक लावायला तयार झाली. गावात एक समिती झाली. फलकाचा मजकूर लिहायचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. विद्यार्थ्याचा मजकूर प्रत्यक्ष जागेवर लागणं ही आमच्या अभ्यासक्रमात मोठी गोष्ट होती. मी दीडशे शब्दांसाठी तीन आठवडे घेतले. त्यातल्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत, आणि असणारच. "काठावरची ही डोण, बारवेत उतरण्याची मुभा नसलेल्या गावकऱ्यांसाठी होती. कुणी पाणी ओतेपर्यंत त्यांना इथे थांबावं लागे." कुणाला दोष नाही, जातीचं नाव नाही, फक्त झालं ते. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, एक शब्दही बदलू नकोस. मी मजकूर मेल केला. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, छपाईला गेलाय.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. मंडप, खुर्च्या, स्पीकर. बारव ओळखू येत नव्हती, पाणी तळाशी स्वच्छ दिसत होतं. कंपनीचे अधिकारी, सरपंच, समितीतली माणसं पुढच्या रांगेत, मॅडम त्यांच्यात. मावशी मागे, बायकांबरोबर. आठवड्यापूर्वीच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून आल्या होत्या. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलं होतं म्हणे. भाषणं झाली. फलकावरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, आणि लोक पोह्यांकडे वळले. फलक वाचायला कुणी थांबलं नाही.

मावशी मात्र सुनेचा हात सोडून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "पोरी, मला दिसत नाय अजून. वाच."

मी फलकासमोर पहिल्यांदाच उभी राहिले होते. सरळ वाचायला सुरुवात केली. बारवेचं बांधकाम, पायऱ्यांची रचना, कोनाडे, सगळं माझंच, शब्दाला शब्द. मग डोणीची ओळ आली. तिथे लिहिलं होतं, "काठावरील दगडी डोण ही गुराढोरांना व पक्ष्यांना पाणी मिळावे यासाठी केलेली सोय असून आपल्या पूर्वजांच्या भूतदयेची ती साक्ष देते."

खाली लिहिलं होतं, संशोधन व लेखन, आणि पुढे माझं नाव.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बहुधा एका श्वासाएवढाच, कारण मावशींना काही जाणवलं नाही. माझ्यासमोर दोन वाटा होत्या. जे लिहिलंय ते वाचायचं, किंवा वाचायचं थांबवून सांगायचं की मावशी, आपल्याला फसवलं. मी यातलं काहीच केलं नाही. मला पाठ असलेल्या माझ्या दोन ओळी मी म्हटल्या. वाचत असल्यासारख्या, फलकाकडे बघत.

मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते डोणीचं परत वाच."

मी परत म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, कुठं लिहिलंय ते? मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्या ओळीवर, जिथे गुरंढोरं लिहिलं होतं. त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे हळूच फिरवलं, फलक गार लागत असेल, आणि मान हलवून बायकांकडे परत गेल्या. पोह्यांची बशी हातात घेऊन त्या शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. काय सांगत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं.

मागे वळले तर दोन पावलांवर मॅडम उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मागच्या सीटवर होते, पुढे मॅडमच्या शेजारी कॉलेजमधले आणखी एक प्राध्यापक. ते सिन्नरला उतरले. मी पुढे बसले. मला वाटलं, आता त्या बोलतील, मला आधी सांगायला हवं होतं असं म्हणतील. नाशिकरोड आलं. मग रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "मघाशी तू छान सांभाळलंस."

मी काही बोलले नाही. महिन्याभरावर तोंडी परीक्षा होती. हे कारण होतं असं मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, पण तेच होतं. प्रबंधात मी मावशींचं सगळं लिहिलं होतं, ते कुणी बदललं नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना डोणीचं प्रकरण फार आवडलं. एकाने विचारलं, हे फलकावर आलं का? मॅडम माझ्या आधी म्हणाल्या, स्थानिक पातळीवर चर्चा चालू आहे. मी पुढच्या प्रकरणाकडे वळले. मला चांगले गुण मिळाले.

मावशींचा फोन आला तेव्हा मी खोलीवर कपडे वाळत घालत होते. उन्हाळा लागला होता. त्या म्हणाल्या, नवीन चष्मा आला. मी म्हणाले, बरं झालं मावशी, आता स्पष्ट दिसतं ना? त्या म्हणाल्या, दिसतं. मग म्हणाल्या, सकाळी बारवेवर जाऊन आले.

मी हातातलं कापड तसंच धरून उभी राहिले.

"त्या दिवशी तू मला काय वाचलंस?" त्यांनी विचारलं.

त्या रागावल्या नव्हत्या. चौकशी करावी तसं विचारलं होतं. त्या उत्तरासाठी थांबल्या, मला त्यांच्या मागे कोंबडीचा आवाज येत होता, मग त्यांनी फोन ठेवला.

मी तशीच कॉलेजात गेले. मॅडम केबिनमध्ये एकट्या होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं, मजकूर कुणी बदलला. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि पाणी दिलं. मग शांतपणे सगळं सांगितलं. समितीने डोणीची ओळ बघितल्यावर फलकच नको म्हटलं होतं. गावाची बदनामी होते म्हणाले. कंपनी तर गावातला वाद म्हटल्यावर पाय काढून घेणारच. गाळ तसाच राहिला असता, दहा वर्षांत बारव बुजली असती. त्यांना निवड करावी लागली आणि त्यांनी बारव निवडली.

मी म्हणाले, मला सांगायला हवं होतं.

"तू नाही म्हणाली असतीस," मॅडम म्हणाल्या. "आणि मजकूर मी माझ्या मनाने लिहिलेला नाही. वाक्य तुझंच आहे."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझा प्रबंधाचा पहिला मसुदा होता, मावशी भेटण्याआधीचा. पूर्वजांची भूतदया. शब्दाला शब्द. त्यांनी ते जपून ठेवलं होतं आणि वेळ आल्यावर काढलं होतं. माझ्या नावाखाली माझंच वाक्य लावलं होतं. नियमात कुठेही बसवलं असतं तरी बसलं असतं.

मी म्हणाले, निदान माझं नाव काढा. त्या म्हणाल्या, लिहिणाऱ्याचं नाव नसलेला फलक कसा असेल, मीच तर तुम्हाला शिकवलं. हे त्यांनी उपहासाने म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि मग, मी उठले तेव्हा, त्या जवळ येऊन म्हणाल्या की धीर धर, डोणीची गोष्ट मी सोडलेली नाही, एक चांगली बातमी येतेय, तुला बरं वाटेल.

ती बातमी पावसाळ्यात आली. तोवर माझा निकाल लागला होता आणि मी नाशिकमध्येच एका छोट्या संस्थेत कामाला लागले होते, जुन्या कागदपत्रांच्या याद्या करायच्या. मॅडमचा मेल आला, सोबत एका इंग्रजी नियतकालिकातला त्यांचा लेख. मेलमध्ये एकच ओळ होती, तुझी डोण शेवटी जगासमोर आली.

मी जेवणाच्या सुट्टीत लेख वाचला. तो फार चांगला होता. आधी तेच सांगते, कारण वाचताना पहिल्या दोन पानांवर मी विसरूनच गेले की मला राग आलाय. मावशी त्यात होत्या. त्यांनी मला त्या दुपारी सांगितलेलं सगळं होतं, सुंदर इंग्रजीत, त्यांच्या शाळेच्या वयातलं, त्यांच्या आईचं. फक्त मावशींचं नाव नव्हतं. एक वृद्ध स्थानिक स्त्री, एवढंच. डोणीचा फोटो मी काढलेला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत क्षेत्रकार्यात मदत केल्याबद्दल माझे आभार होते.

आणि मधे एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं की अशा आठवणी जागेवरच्या फलकांमधून पद्धतशीर पुसल्या जातात. उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या एका बारवेचा उल्लेख होता, जिथल्या फलकावर हीच डोण गुरांसाठीची म्हणून दाखवली आहे. मॅडमनी ते खेदाने नोंदवलं होतं. तो फलक कुणी केला ते लिहिलं नव्हतं.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. इंग्रजी मला आता कळत होतं, त्यांनीच शिकवलेलं. खरं होतं ते त्यांनी परदेशात वाचणाऱ्या माणसांना दिलं, आणि जिचं होतं तिच्या गावात खोटं लावलं. मग त्या खोट्याचाही लेख केला.

त्या आठवड्यात सुट्टी घेऊन मी गावात गेले. पिशवीत लेखाची प्रत, प्रबंधातलं ते प्रकरण आणि ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज होता, फलकावरची ओळ बदलावी म्हणून. मावशी दारात होत्या. मला बघून "या, मॅडम," म्हणाल्या. मला आधी वाटलं, मागे कुणी आलंय. चहा केला, बशीत बिस्किटं दिली, मी पाहुणी असल्यासारखी.

मी सगळं सांगितलं. लेखाचं मराठीत वाचून दाखवलं, आणि या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं. मी म्हणाले, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं.

"वाईट तर मला लहानपणापासून वाटतंय," मावशी म्हणाल्या. "अजून एकदा वाटलं असतं. त्यांनी लिहिलं त्याचं काय नवल नाय. ते पहिल्यापासून तसंच लिहीत आले. पण मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या आईच्या फोटोला सांगितलं, लिहिलं म्हणून. लय येळ बोलत बसले तिच्याशी."

मी लेखाची प्रत घडी घालून पिशवीत ठेवली.

थोड्या वेळाने त्या आत गेल्या आणि वहीचा एक कागद घेऊन आल्या. अंगणवाडीत नोंदी लिहिणारं त्यांचं ठसठशीत अक्षर. लिहिलं होतं की मी पूर्वी दिलेली संमती मागे घेत आहे, माझं बोलणं कुणी कुठे वापरू नये. सही, तारीख. म्हणाल्या, तुझ्या फोनमध्ये माझा आवाज हाय, तो काढ. मी त्यांना खरं ते सांगितलं, की लेख छापून झाला आहे, तो परत घेता येणार नाही, प्रबंध लायब्ररीत आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या हातात हाय तेवढं तर कर. मी त्यांच्यासमोर बसून रेकॉर्डिंग आधी त्यांच्या सुनेच्या फोनमध्ये टाकलं आणि मग माझ्याकडून पुसलं. दोन तास अकरा मिनिटं. पुसायला काही सेकंदही लागले नाहीत.

अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला. ग्रामसेवकांनी वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, फलकावर तुमचंच नाव आहे की, मग तुमचीच तक्रार कशी? तरी आवक शिक्का मारून पोच दिली. मावशींच्या कागदाची प्रत कॉलेजात दिली, नियतकालिकाला मेल केला. कॉलेजने प्रबंधातलं ते प्रकरण वाचकांसाठी बंद केलं, हे मात्र झालं. नियतकालिकाकडून उत्तर आलं की मुद्दा संवेदनशील आहे, लेखिकेशी बोलून कळवू. कळवलं नाही. पंचायतीत मी नंतर आणखी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला मला आशा होती, कारण समितीतला एक तरुण सदस्य म्हणाला की आमच्या आजोबांनाही हे माहीत आहे, लिहिलं तर काय बिघडतं. पुढच्या सभेत तो काही बोलला नाही असं कळलं.

हे लिहायच्या आधी मी मावशींना फोन केला. बऱ्याच महिन्यांनी. विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, तुझं लिही, माझं नको. बारवेचं पाणी कसं आहे विचारलं, तर यंदा टिकलंय म्हणाल्या. शहरातून माणसं फोटो काढायला येतात, रविवारी गाड्या लागतात. मग सुनेने हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मॅडम मला परवा भेटल्या. कुंभमेळ्याच्या तयारीत गंगेवर सगळीकडे नवे फलक लागायचे आहेत, आणि आमच्या संस्थेकडे जुन्या कुंडांच्या नोंदी तपासायचं काम आलं आहे. मॅडम त्या कामाच्या सल्लागार आहेत. मी खाली पायऱ्यांवर टेप धरून मोजत होते, त्या वरून उतरून आल्या. थकल्यासारख्या दिसत होत्या. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी काम कसं चाललंय विचारलं, आई कशी आहे विचारलं. मी उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "अजून रागावली आहेस माझ्यावर?"

त्यांच्या आवाजात ती पूर्वीची माया होती, आणि ती खोटी नव्हती.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पाठीवरचा हात काढला आणि ठेकेदार हाका मारत होता तिकडे गेल्या. मी टेपचं टोक पुन्हा पायरीला लावलं आणि आकडा वहीत लिहिला.